स्थानापन्न देव : स्पॅनिश बरोक ते स्वच्छंदतावाद या कालखंडाच्या अभ्यासाची एक दिशा

१. प्रश्नाचे स्वरूप

सतराव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे स्पॅनिश साहित्य सामान्यतः बरोक, प्रबोधन आणि स्वच्छंदतावाद या तीन नावांखाली अभ्यासले जाते. यांपैकी 'प्रबोधन' ही संज्ञा मराठीत युरोपीय पुनरुज्जीवनासाठीही वापरली जात असल्यामुळे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे की, प्रस्तुत निबंधात तिचा अर्थ अठराव्या शतकातील बुद्धिप्रामाण्यवादी विचारप्रवाह असा आहे. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा कालखंड तौलनिक साहित्याभ्यासाच्या निमित्ताने आणि बहुधा इंग्रजी अनुवादांच्या द्वारे भेटतो. सर्व्हांतेसची 'डॉन किहोते' (१६०५ व १६१५), लोपे दे वेगा व काल्देरोन यांची नाटके, गोंगोराची दुर्बोध मानली गेलेली कविता, आणि मग एकदम सोरियाचे 'डॉन ह्वान तेनोरिओ' (१८४४) अशी नावांची माळ त्याच्या हाती येते. माळेतील मणी ओळखीचे होतात, परंतु त्यांना ओवणारा दोरा दिसत नाही.

हा दोरा न सापडल्यामुळे दोन प्रकारची घाई होते. पहिली घाई समीकरणांची. गोंगोरा (१५६१–१६२७) आणि मोरोपंत (१७२९–१७९४) दोघेही शब्दचमत्कृतीचे कवी, म्हणून मराठी पंडिती काव्य म्हणजे आपले 'बरोक', असे विधान केले जाते. दुसरी घाई तत्त्वज्ञानाची. बरोक साहित्यातील 'देसेंगान्यो', म्हणजे भ्रमाचा पडदा दूर होणे, ही कल्पना आपल्या मायावादाशी एकरूप मानली जाते. काल्देरोनच्या 'आयुष्य हे स्वप्न' (प्रकाशन १६३६) या नाटकातील राजपुत्र जीवन स्वप्नवत् असल्याच्या जाणिवेतून संन्यासाकडे वळत नाही. स्वप्नातही सत्कृत्य वाया जात नाही, असा निश्चय करून तो राज्यकारभाराकडे वळतो. साम्य दिसले तेथेच थांबल्यास हा महत्त्वाचा फरक निसटतो.

या दोन्ही घाईंना पर्याय म्हणून एक मर्यादित पद्धत येथे सुचवावयाची आहे. कालखंडांच्या नावांऐवजी एकच कथा हाती घ्यावी, ती त्या अडीचशे वर्षांत कशी बदलत गेली ते पाहावे, आणि तिच्या शेजारी त्याच कल्पनाबंधाची मराठी कथा ठेवावी. निवडलेला कल्पनाबंध असा : माणूस आपल्या नेमून दिलेल्या जागेवर नाही, आणि त्याची जागा देव किंवा देवदूत भरून काढतो. मराठीत या कल्पनाबंधाचा सर्वांत समर्थ निवेदक म्हणजे राहुरी तालुक्यातील ताहराबादचा महिपती (१७१५–१७९०).

२. कालखंडांच्या नावांविषयी

प्रथम नावांची मर्यादा समजून घेतली पाहिजे. लोपे किंवा गोंगोरा यांपैकी कोणीही स्वतःला 'बरोक' म्हणवून घेतले नाही. ही संज्ञा आधी निंदाव्यंजक होती. हाइनरिख व्योल्फलिनच्या १८८८ मधील ग्रंथापासून ती कलेतिहासात प्रतिष्ठित झाली आणि साहित्याला विसाव्या शतकात लावली गेली. गोंगोराच्या मृत्यूची तीनशे वर्षे १९२७ मध्ये साजरी करणाऱ्या लोर्का, दामासो आलोन्सो आदी तरुण कवींनी त्याची प्रतिष्ठा पुन्हा प्रस्थापित केली. म्हणजे 'दुर्बोध आणि विकृत' ठरलेला कवी 'थोर बरोक कवी' झाला तो नंतरच्या वाचकांच्या दृष्टिपालटामुळे.

१९७५ मध्ये इतिहासकार होसे आंतोनिओ मारावाल याने 'बरोकची संस्कृती' या ग्रंथात आणखी एक दिशा दाखवली. त्याच्या मते बरोक ही केवळ शैली नसून संकटग्रस्त समाजाला धाक आणि विस्मय यांच्या साहाय्याने एका चौकटीत बांधून ठेवणारी, नागर आणि बहुजनांना उद्देशून उभारलेली संस्कृती होती. हे मत सर्वांनी मान्य केलेले नाही. तथापि, एखादा चमत्कार रंगभूमीवर दाखवला जातो तेव्हा तो कोणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यामुळे लागली. महिपती वाचतानाही हा प्रश्न उपयोगी पडतो.

३. मठातून गेलेली जोगीण : १६१० ते १६१४

जिची जागा देवमाता मरिया भरून काढते अशा मठवासिनीची कथा युरोपात मध्ययुगापासून प्रचलित आहे. तेराव्या शतकात राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारी सिद्ध झालेल्या, गॅलिशियन-पोर्तुगीज भाषेतील मरियास्तुतिपर गीतसंग्रहात ती ९४ व्या गीतात येते. मठाच्या भांडाराची जबाबदारी असलेली एक जोगीण प्रेमाच्या मोहाने बाहेर पडते. जाताना ती किल्ल्या मरियेच्या वेदीपुढे ठेवते. बऱ्याच काळाने ती परतते तेव्हा तिच्या अनुपस्थितीची कोणाला कल्पनाही नसते, कारण मरियेने तिचे रूप घेऊन तिचे काम चालवलेले असते.

लोपे दे वेगाने १६१० मध्ये या कथेवर 'ला बुएना ग्वार्दा', म्हणजे 'उत्तम राखण', हे नाटक लिहिले. त्याच्या नाटकात जाणारी स्त्री साधी जोगीण नसून मठाची प्रमुख क्लारा आहे, आणि ती मठाचा कारभारी फेलिक्स याच्याबरोबर जाते. पतनाची उंची वाढवली की अनुग्रहाचीही उंची वाढते, हे नाटककाराचे गणित आहे. दुसरा बदल अधिक सूचक आहे. येथे क्लाराचे रूप स्वतः मरिया घेत नाही, देवदूत घेतो. ट्रेंटच्या धर्मसभेने (१५४५–१५६३) संतपूजेचे समर्थन करतानाच अंधश्रद्धा आणि अनौचित्य यांबाबत सावध राहण्याचा आदेश दिला होता. अशा वातावरणात खुल्या नाट्यगृहातील संमिश्र प्रेक्षकांपुढे साक्षात देवमातेने पतित स्त्रीच्या वेषात वावरण्यापेक्षा देवदूताने वावरणे नाटककाराला अधिक सुरक्षित वाटले असावे. हा तर्क आहे, परंतु नाटकाच्या एकूण धोरणाशी तो जुळतो. तत्कालीन स्पॅनिश रंगभूमीवर 'संतनाटक' हा लोकप्रिय प्रकार होता, आणि त्याला विस्मय व मर्यादा या दोन्हींचा तोल सांभाळावा लागे.

पुढे १६१४ मध्ये आवेयानेदा या टोपणनावाने 'डॉन किहोते'चा बनावट दुसरा भाग प्रसिद्ध झाला. त्यात हीच कथा 'सुखी प्रेमिक' या उपकथेच्या रूपाने येते, आणि येथे मरिया स्वतः जागा भरून काढते. गद्य कथेला रंगभूमीइतका संकोच नसावा. अशा प्रकारे चार वर्षांच्या अंतराने एकच कथा दोन साहित्यप्रकारांत दोन वेगळ्या मर्यादा पाळते. 'बरोक' या एका शब्दात हा फरक मावत नाही. तो पाहण्यासाठी साहित्यप्रकार, प्रेक्षक आणि धर्मसत्ता यांच्याकडे वळावे लागते.

४. ताहराबादचा निवेदक

महिपतीकडे वळण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. येथे प्रभावाचा दावा नाही. इबेरियन बरोक आणि मराठी यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती गोव्यात. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले तेव्हा पोर्तुगाल आणि स्पेन यांचे राजमुकुट एकाच राजाच्या मस्तकावर होते (१५८०–१६४०). परंतु त्या गाठीतून ताहराबादपर्यंत एखादी वाट आली, असे मानण्यास आधार नाही. येथील तुलना प्रकारात्मक आहे. समान कल्पनाबंध दोन समाजांत कोणती वेगवेगळी कामे करतो, एवढेच तिला पाहावयाचे आहे.

महिपतीचे 'भक्तविजय' १७६२ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर 'कथासारामृत' (१७६५), 'संतलीलामृत' (१७६७) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) हे ग्रंथ झाले, तर 'संतविजय' अपूर्ण राहिला. महिपतीच्या घराण्याकडे कुलकर्णीपण होते. जहागीरदाराच्या चाकरीतील लेखणी त्याने खाली ठेवली आणि यापुढे ती संतचरित्रांसाठीच चालवीन असा निश्चय केला, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगितली जाते. आख्यायिकेचा ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न बाजूला ठेवला तरी हिशेब, वसुली, पावती आणि सरकारी बोलावणे यांचे जग त्याला आतून माहीत होते, हे त्याच्या कथनातून जाणवते.

'भक्तविजया'तील सेना न्हावी राजाच्या चाकरीत आहे. तो पूजेत मग्न असताना राजाचे बोलावणे येते. त्याच्या रूपाने देव जातो, राजाची हजामत करतो, आणि तेलाच्या वाटीत राजाला देवाचे रूप प्रतिबिंबित झालेले दिसते. मंगळवेढ्याचा दामाजी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी मोकळी करतो. बेदरच्या बादशहाकडून त्याला बोलावणे येते, आणि विठ्ठल महाराच्या वेषात दरबारी जाऊन धान्याचे मोल चुकते करतो. त्याची पावती पुढे दामाजीला त्याच्या पोथीत सापडते, आणि बादशहाला त्या महाराचे रूप पुन्हा पाहण्याची ओढ लागते.

या कथा स्पॅनिश कथेशेजारी ठेवल्या असता तीन फरक दिसतात.

पहिला फरक अनुपस्थितीच्या कारणाचा आहे. स्पॅनिश कथेत जागा रिकामी होते ती पापामुळे. तेथे देवकृपेची कसोटी पतिताला सांभाळण्यात आहे. सेना न्हावी जागेवर नसतो तो भक्तीमुळे, आणि दामाजी संकटात येतो तो करुणेमुळे. महिपतीच्या कथेत देव पाप झाकत नाही. चाकरी आणि भक्ती, हुकूम आणि भूतदया यांच्यात सापडलेल्या माणसाची कोंडी तो सोडवतो.

दुसरा फरक देवाने घेतलेल्या जागेचा आहे. क्लाराच्या रूपातील देवदूत एका पवित्र पदावर बसतो, ज्याची प्रतिष्ठा त्याच्या येण्याने टिकून राहते. विठ्ठल मात्र न्हावी होतो, महार होतो. देव सामाजिक उतरंडीच्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहतो आणि सत्ताधाऱ्याला तेथे त्याचे दर्शन घडते. या उतरण्याचा भावनिक प्रभाव मोठा आहे. पण अभ्यासकाने पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे : देव महार झाला म्हणून गावकुसाबाहेरच्या महाराचे स्थान बदलले काय? कथेत ते बदलत नाही. विठू महाराची कथा ऐकणारा समाज चोखोबाच्या अभंगांतील वेदनाही ऐकत होता, आणि दोहोंसह अस्पृश्यता पाळतही होता. बरोक चमत्कार प्रस्थापित चौकट बळकट करतो असे मारावालच्या मार्गाने म्हणता येत असेल, तर महिपतीच्या चमत्कारालाही ती परीक्षा द्यावी लागेल. आपल्या परंपरेविषयीच्या आदराने तिला सूट मिळू नये.

तिसरा फरक साक्षीचा आहे. जोगिणीच्या कथेत जगाला काहीच कळत नाही. चमत्काराचे सारे सामर्थ्य त्याच्या गुप्ततेत आहे, आणि तो पश्चात्तापाच्या वेळी त्या एकट्या स्त्रीपुढे उघड होतो. दामाजीच्या कथेत चमत्कार दरबारात घडतो आणि कागदावर नोंदवला जातो. एका कथेतील साक्ष कबुलीजबाबाची आहे, तर दुसरीतील पावतीची. पहिली कथा पापनिवेदनाच्या धर्मविधीने घडवलेल्या समाजातील आहे, दुसरी महसुलाच्या कागदाने बांधलेल्या समाजातील आणि तो कागद हाताळलेल्या निवेदकाची आहे.

५. चिकित्सा आणि पुनरागमन

अठराव्या शतकात स्पॅनिश कथेवर संकट आले. ते बाहेरून नव्हे, धर्मसंस्थेतूनच आले. बेनेदिक्तीन मठवासी फेइखो (१६७६–१७६४) याने 'तेआत्रो क्रितिको उनिवेर्साल' या निबंधमालेत (१७२६–१७४०) लोकभ्रमांची चिकित्सा केली. तिच्या १७२९ मधील तिसऱ्या खंडात कल्पित चमत्कारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. खोट्या चमत्कारांमुळे खऱ्या धर्माचीच हानी होते, ही त्याची भूमिका होती. इग्नासिओ दे लुसान याच्या 'काव्यशास्त्रा'ने (१७३७) अभिजात नियमांच्या आधारे सुवर्णयुगातील नाटकाचे दोष दाखवले. अखेर १७६५ मध्ये राजाज्ञेने धार्मिक रूपकनाट्यांच्या प्रयोगांवर बंदी आली.

ही तारीख महत्त्वाची आहे. माद्रिदमध्ये धर्मनाट्य बंद होण्याच्या तीनच वर्षे आधी ताहराबादला 'भक्तविजय' पूर्ण झाले होते. एकाच दशकात एका समाजात शासन चमत्काराला रंगमंचावरून खाली उतरवते आणि दुसऱ्या समाजात कीर्तनकाराला चमत्कारकथांचा नवा साठा मिळतो. 'अठरावे शतक म्हणजे प्रबोधनाचे शतक' हे विधान जगभर सारखे लागू करता येत नाही, याचे याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही. महिपतीला आधारांची जाणीव मात्र होती. आपण मनाने रचलेले काही सांगत नाही, उत्तरेकडील नाभाजी आणि माणदेशातील उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आपल्याला आधार आहे, असे तो स्पष्ट करतो. ही फेइखोची चिकित्सा नव्हे. तिचा हेतू परंपरेची खात्री देणे हा आहे, परीक्षा घेणे हा नाही. तरीही 'हे कोणी सांगितले' हा प्रश्न दोघांनाही महत्त्वाचा वाटतो, एवढे साम्य नोंदवावे.

स्पॅनिश स्वच्छंदतावादाचा आरंभ बहुधा राजा सातवा फेर्नांदो याच्या मृत्यूपासून (१८३३) आणि रिव्हासच्या 'डॉन आल्व्हारो' नाटकापासून (१८३५) सांगितला जातो. परंतु त्याची पूर्वतयारी १८१४ पासूनच्या काल्देरोनविषयक वादात झाली होती. काडिझमध्ये स्थायिक झालेला जर्मन व्यापारी ब्योल दे फाबेर याने श्लेगेलचे विचार स्पॅनिश वाचकांपुढे मांडले आणि अभिजातवाद्यांनी अव्हेरलेला काल्देरोन हाच खरा राष्ट्रीय कवी असल्याचा दावा केला. स्पेनला त्याचे सतरावे शतक जर्मन चष्म्यातून परत मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

होसे सोरियाने (१८१७–१८९३) जोगिणीची कथा 'मार्गारिता ला तोर्नेरा' या पद्यकथेत पुन्हा सांगितली. ती १८४०–४१ मधील 'कान्तोस देल त्रोवादोर' या संग्रहात आहे. येथे नायिका मठप्रमुख नाही, दाराशी देवघेव सांभाळणारी भाबडी मुलगी आहे. तिला फसवून नेणारा, नंतर टाकून देणारा पुरुष हाच दोषी ठरतो. लोपेच्या नाटकातील पतन येथे निरागसतेची फसवणूक झाले आहे, आणि मरियेचा अनुग्रह हा मातृवात्सल्याचा आविष्कार झाला आहे. 'डॉन ह्वान' कथेतही हेच घडते. सतराव्या शतकातील 'एल बुर्लादोर दे सेव्हिया' मध्ये पश्चात्तापाला उशीर करणारा नायक नरकात जातो, सोरियाच्या नाटकात तो स्त्रीच्या प्रेमामुळे तरतो.

हे रूपांतर कवीच्या स्वभावाने पूर्ण उलगडत नाही. १८३५ ते १८३७ या काळात मेन्दिसाबालच्या धोरणानुसार स्पेनमधील असंख्य मठ बंद झाले आणि त्यांच्या मालमत्तेचा लिलाव झाला. सोरिया मठाच्या दाराशी बसलेल्या मुलीची कथा लिहितो तेव्हा ती दारे नुकतीच बंद झालेली आहेत. चमत्कार आता धर्माज्ञा राहिलेला नाही. तो हरवलेल्या जगाची आठवण झाला आहे. वाचकाने त्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा उरत नाही, त्याने त्यात रमावे एवढीच उरते. स्पॅनिश स्वच्छंदतावादाचे हे मर्म संज्ञेच्या व्याख्येपेक्षा या एका कथेतून अधिक स्पष्ट होते.

६. मराठी अभ्यासासाठी फलित

आपल्याकडे चिकित्सेचा काळ एकोणिसाव्या शतकात आला. लोकहितवादींची शतपत्रे (१८४८–१८५०), परमहंस मंडळी (१८४९), प्रार्थना समाज (१८६७) यांनी चमत्कार आणि कर्मकांड यांविषयी प्रश्न उभे केले. पण कोणत्याही राजाज्ञेने कीर्तन थांबले नाही. 'भक्तविजय' घरोघर वाचले जात राहिले. त्यामुळे प्रभातचा 'संत सखू' (१९४१) हा चित्रपट आला, ज्यातील लोकपरंपरेची नायिका पंढरीला जाते आणि घरी विठ्ठल तिच्या रूपाने राबतो, तेव्हा प्रेक्षकांना हरवलेली कथा परत मिळाली नाही. चालू असलेली कथा नव्या माध्यमात आली. स्पेनमध्ये खंड पडला म्हणून पुनरागमन झाले. मराठीत खंड पडला नाही, म्हणून सोरियाच्या अर्थाने स्वच्छंदतावादी संतकथाही सहसा निर्माण झाली नाही. मराठी वाङ्मयेतिहासात १८१८ ही सीमारेषा ओढताना या सातत्याचा विचार पुरेसा होतोच असे नाही.

महिपतीच्या अभ्यासाची एक अडचण येथे लक्षात येते. न्यायमूर्ती रानड्यांपासून अनेकांनी संतांच्या इतिहासासाठी त्याचा आधार घेतला. त्यातून साधन म्हणून वापरताना चमत्कार गाळावयाचे आणि तिथी, गावे, नाती तेवढी उचलावयाची अशी रीत पडली. कालविपर्यासाबद्दल महिपतीला दोषही दिला गेला. परंतु चमत्कार गाळलेली दामाजीची कथा म्हणजे एका अधिकाऱ्यावरील खटल्याची नोंद होय. कथा ज्यासाठी सांगितली गेली तो गाभाच टाकून दिला तर निवेदक म्हणून महिपतीचे मूल्यमापन होऊ शकत नाही. लोपे, आवेयानेदा आणि सोरिया यांच्यातील फरक आपण चमत्काराच्या मांडणीतूनच ओळखतो. त्याच कसोटीचा लाभ महिपतीला मिळाला पाहिजे.

या दिशेने काम करू इच्छिणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. स्पॅनिश पद्याचे भाषांतर वाचताना मूळ संहिता शेजारी ठेवावी, कारण लोपेच्या नाटकात प्रसंगानुसार वृत्त बदलते आणि गद्य अनुवादात ते पूर्ण लोपते. पहिल्या तीन चरणांच्या यमकावर चालणारी आणि कीर्तनात विस्तारली जाणारी ग्रंथिक ओवी, आणि रंगमंचावर नटाच्या तोंडी येणारे अष्टाक्षरी स्पॅनिश पद्य, यांची तुलना श्राव्यतेच्या अंगाने करावी. एका वेळी एकच कल्पनाबंध घ्यावा. आणि साम्य सापडताच तेथे न थांबता जागा कोणाची रिकामी झाली, का झाली, देव कोणत्या पायरीवर उभा राहिला आणि ते कोणाला कळले, हे चार प्रश्न प्रत्येक कथेला विचारावेत.

राहुरी परिसरातील महाविद्यालयांना ताहराबाद दूर नाही. तेथील निवेदकाला 'मराठी बरोक' म्हटल्याने त्याचा गौरव होत नाही आणि स्पॅनिश साहित्याचे आकलनही वाढत नाही. उलट त्याच्या कथांनी शिकवलेले प्रश्न घेऊन लोपे आणि सोरिया यांच्याकडे गेल्यास दोन्ही साहित्यांतील वेगळेपण आपापल्या जागी स्पष्ट होते. तौलनिक अभ्यासाची उपयुक्तता त्यातच आहे.